'फ्री कशाला करायचं?' म्हणणाऱ्या फॉरवर्डला उत्तर

प्लेसमेंटचा हंगाम आला की विद्यार्थ्यांच्या ग्रुपवर फ्रीबद्दल, म्हणजे मॅलॉकने मागून घेतलेली मेमरी परत करणाऱ्या सी भाषेतल्या फंक्शनबद्दल, एक मेसेज हमखास फिरतो. 'सीमध्ये फ्री लिहिणं म्हणजे हमाली. प्रोग्रॅम संपला की ऑपरेटिंग सिस्टिम मेमरी परत घेतेच. शिवाय फ्री केलं तरी वापर कमी झालेला दिसत नाही. आणि क्रॅश होतात तेच मुळी फ्रीमुळे!'

पहिलं म्हणणं लिनक्स-विंडोजवर खरं आहे. डी भाषेचा डीएमडी कंपायलर तर वेगासाठी मुद्दामच मेमरी सोडत नसे. पण मेख 'संपला की' या शब्दांत आहे. सर्व्हर संपतो कुठे? दर रिक्वेस्टमागे १ केबी मेमरी फ्री न होता गळते आणि सेकंदाला १०० रिक्वेस्ट येतात असं धरा. दिवसाला साडेआठ जीबीच्या आसपास गेली. फ्रीआरटीओएस या छोट्या उपकरणांवरच्या ऑपरेटिंग सिस्टिममध्ये तर टास्क डिलीट केला तरी त्याने घेतलेली मेमरी आपोआप सुटत नाही.

दुसऱ्यात निरीक्षण बरोबर, निष्कर्ष चुकीचा. ग्लिबसीमध्ये (लिनक्सवरची सीची नेहमीची लायब्ररी) लहान तुकडा फ्री केला की तो आधी अ‍ॅलोकेटरकडे, म्हणजे लायब्ररीतल्या मेमरी वाटणाऱ्या भागाकडे, जातो आणि पुढच्या मॅलॉकसाठी राखून ठेवला जातो. मोठे तुकडे (सुरुवातीची मर्यादा १२८ केबी, पुढे ती बदलत जाते) एमएमॅप या कॉलने थेट सिस्टिमकडून वेगळे आणलेले असतात. ते मात्र लगेच सिस्टिमला परत जातात. खात्री करायची तर लूपमध्ये ६४ बाइट घ्या, पत्ता छापा, फ्री करा. बहुधा तोच पत्ता पुन्हापुन्हा दिसेल. फ्री काढा, दर वेळी नवा.

तिसरं म्हणणं मला सर्वांत घातक वाटतं. एकच तुकडा दोनदा फ्री केला तर घोळ होतो हे खरं, पण त्याचं कारण तुकड्याचा मालक कोण हे ठरलेलं नसतं. फ्री केल्यावर पॉइंटर (पत्ता ठेवणारा व्हेरिएबल) नल, म्हणजे रिकामा, करण्याचा सल्ला देतात, तोही अर्धाच: त्याच पत्त्याची दुसरी प्रत दुसऱ्या व्हेरिएबलमध्ये असेल, तर ती तशीच लटकत राहते. आणि बऱ्याचदा फ्री नुसता पंचनामा करतं. स्ट्रिंगची लांबी मोजून तेवढेच बाइट घेतले, स्ट्रिंगचा शेवट दाखवणाऱ्या शून्यासाठी एक जादा घ्यायला विसरलो, की कॉपी करताना अ‍ॅलोकेटरने शेजारी ठेवलेल्या नोंदीवर लिहिलं जाऊ शकतं. बिघाड तिथे झाला, बोंब मात्र फ्रीच्या ओळीवर. अ‍ॅड्रेस सॅनिटायझर (मेमरीच्या चुका पकडणारी कंपायलरची सोय) लावून चालवलंत तर मूळ ओळ सापडते. फ्री काढून टाकलंत तर क्रॅश कदाचित थांबेल. शेजारचा डेटा बिघडायचा तो बिघडतच राहील.