त्यांना विचारले होते का?

कोल्हापूरजवळच्या शिरोली औद्योगिक वसाहतीतील एका फाउंड्रीत, म्हणजे धातूच्या ओतकामाच्या कारखान्यात, मी 28 वर्षे नोकरी केली, त्यांपैकी शेवटची 11 वर्षे विभागप्रमुख म्हणून. त्या काळातला एक निर्णय अजूनही मनाला लागून राहिला आहे. पुण्याच्या ग्राहकाकडे कास्टिंगमधील (ओतीव भागांतील) दोषांबद्दल बोलायला कोणाला पाठवायचे, असा प्रश्न होता. विषयाची सर्वांत चांगली जाण क्वालिटी विभागातील एका मॅडमना होती; पण त्यांचे मूल लहान आहे, दोन दिवस मुक्काम पडेल, उगाच त्यांना कशाला त्रास, असा विचार करून मी दुसऱ्याचे नाव लिहिले. पुढच्या वर्षी बढतीच्या बैठकीत 'मॅडमना ग्राहक हाताळण्याचा अनुभव नाही' असे कोणीतरी म्हणाले आणि टेबलाभोवती बसलेल्या आम्हा सहा पुरुषांपैकी एकालाही, अगदी मलासुद्धा, तो अनुभव त्यांना आपणच मिळू दिला नव्हता हे आठवले नाही. माझ्या निवृत्तीच्या दिवशी त्या एवढेच म्हणाल्या, "साहेब, एकदा विचारलं असतं तर मी आईला बोलावून घेतलं असतं."

म्हणून मला वाटते, नोकरीतील समानतेचा विषय आधी पुरुष अधिकाऱ्यांसमोर मांडला पाहिजे. 8 मार्चला महिला कर्मचाऱ्यांना सभागृहात बसवून व्याख्यान दिले जाते आणि ज्यांच्या सहीने पाळ्या, बदल्या, बढत्या ठरतात ते पुरुष दीपप्रज्वलन करून निघून जातात. कायदे आहेत आणि ते हवेतच. 2013 च्या कायद्याने दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या ठिकाणी लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी अंतर्गत समिती बंधनकारक केली, 2017 च्या दुरुस्तीने पहिल्या दोन अपत्यांसाठीची प्रसूती रजा 12 वरून 26 आठवड्यांवर नेली. पण रजेवरून परतलेल्या बाईला पहिल्या सोमवारी तिचे जुने काम द्यायचे की कोपऱ्यातल्या टेबलावर फायली द्यायच्या, हे विभागप्रमुखच ठरवतो.

हाती अधिकार असलेल्या पुरुषाने तो कसा वापरावा, याचे आपल्या कोल्हापूरकरांना उदाहरण शोधायला लांब जावे लागत नाही. राजर्षी शाहू महाराजांनी रखमाबाई केळवकर यांच्याकडे मुलींच्या शिक्षणाची अधिकारपदाची जबाबदारी सोपवली आणि 1919 साली स्त्रियांना क्रूरपणे वागवण्याविरुद्ध कायदा केला. 1918 मध्ये पुत्र शिवाजी यांचे निधन झाल्यावर कोवळ्या वयात विधवा झालेल्या सूनबाई इंदुमतीदेवींच्या शिक्षणाची व्यवस्थाही त्यांनी स्वतः केली. हाती असलेली सत्ता त्यांनी दरबारात वापरली तशी घरातही वापरली, आणि मला हा दुसरा भाग अधिक कठीण वाटतो. ऑफिसात समानतेवर बोलणारा आणि मूल आजारी पडले की रजा बायकोनेच काढावी असे गृहीत धरणारा साहेब हाताखालच्या तरुणांना काय शिकवतो, ते मी जवळून पाहिले आहे.

उद्यमनगरातील माझ्या ओळखीच्या एका तरुण कारखानदाराला मी वरचा प्रसंग सांगितला. त्याने काही समारंभ केला नाही. संध्याकाळी साडेसहाची उत्पादन बैठक सकाळी अकराला आणली आणि सर्व पाळ्यांच्या सुपरवायझरना बसणे सक्तीचे केले. पहिल्याच बैठकीत कोअर शॉपच्या, म्हणजे साच्यात बसवायचे वाळूचे गाभे बनवणाऱ्या विभागाच्या, सुपरवायझर बाईंनी वाढलेल्या रिजेक्शनचे (बाद होणाऱ्या मालाचे) कारण, वाळूत राहिलेला ओलावा, स्वतः मांडले. संध्याकाळच्या बैठकीला त्यांना थांबता येत नसे, त्यामुळे तोवर त्यांचे म्हणणे त्यांच्या साहेबांच्या तोंडून आणि साहेबांच्या नावावर यायचे.