कानाने लावलेले टायमिंग आणि दोन रुपयांचा रेझिस्टर

गेल्या रविवारी भाच्याने मला एक संदेश पुढे पाठवला आणि त्याखाली लिहिले, ‘मामा, यातलं पहिलं करून झालंय, तरी गाडी आंबा घाटात ठोकतेय.’ ठोकणे म्हणजे भार आल्यावर इंजिनातून येणारा टकटक आवाज. भाच्याकडे कार्बोरेटरची जुनी जिप्सी आहे. दोन महिन्यांपूर्वी तिच्यात त्याच घराण्यातले १६ व्हॉल्व्हचे एमपीएफआय (प्रत्येक सिलिंडरला वेगळा इंजेक्टर असलेले, संगणकावर चालणारे) इंजिन बसवले गेले. संदेशाचे शीर्षक आहे ‘इंजिन बदलल्यावर टायमिंग आणि सेन्सरचे पाच हमखास उपाय’. टायमिंग म्हणजे पिस्टन वर येत असताना ठिणगी नेमकी कधी पडते ते; ते क्रँकच्या, म्हणजे इंजिनाच्या मुख्य दांड्याच्या, अंशांत मोजतात. हा मजकूर मला याआधीही तिघांनी पाठवला होता आणि तिन्ही वेळा मी तो न वाचता पुसून टाकला होता. या वेळी मात्र त्याने घरच्या इंजिनाचेच नुकसान करायला घेतले असल्याने उत्तर देणे भाग आहे.

ते पाच उपाय थोडक्यात असे. डिस्ट्रिब्यूटर (प्लगना ठिणगी वाटणारा भाग) किंवा कॅम सेन्सर (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्याची जागा सांगणारा) फिरवत राहा आणि इंजिनाचा आवाज सर्वांत चांगला लागेल तिथे बोल्ट आवळा, टायमिंग लाइटची (ठिणगीबरोबर लुकलुकणाऱ्या दिव्याची) गरज नाही. आकडाच हवा असेल तर कोणत्याही पेट्रोल इंजिनाला १० अंश ठेवा. ज्या सेन्सरचा बिघाडाचा कोड येईल तो सेन्सर गेला असे समजून बदला. पिकअप कमी वाटला तर पाण्याच्या तापमानाच्या सेन्सरच्या जागी दोन रुपयांचा रेझिस्टर लावा. आणि शेवटी बॅटरीची तार अर्धा तास काढून ठेवा, म्हणजे ईसीयू (इंजिन चालवणारा संगणक) नवे इंजिन आपोआप ‘शिकून घेतो’.

पहिल्या उपायात अर्धे सत्य आहे, हे नाइलाजाने मान्य करतो. पद्मिनी आणि अँबॅसेडरच्या काळात पॉइंटचा गॅप आणि डिस्ट्रिब्यूटर कानाने लावणारे मेस्त्री मी स्वतः पाहिले आहेत, आणि त्यांचे काम चोख असे. पण त्या इंजिनात ठिणगी पुढेमागे करणारी यंत्रणा डिस्ट्रिब्यूटरच्या आतली वजने आणि व्हॅक्यूमचा पडदा एवढीच होती. मेस्त्री जे फिरवत होता त्याचाच परिणाम त्याला ऐकू येत होता, कारण मध्ये दुसरे कोणी ढवळाढवळ करत नव्हते. एमपीएफआय इंजिनात ईसीयू आयडलचे आरपीएम (गाडी उभी असताना इंजिनाचे मिनिटाला फेरे) ठरलेल्या जागी धरून ठेवण्यासाठी आयडलच्या हवेचा व्हॉल्व्ह उघडझाप करतो आणि ठिणगीही क्षणाक्षणाला पुढेमागे सरकवतो. तुम्ही सेन्सरचे घर (बाहेरचे कवच) फिरवले आणि आरपीएम चढले, की ईसीयू ते लगेच खाली ओढतो. म्हणजे तुम्ही केलेला बदल आणि ईसीयूने त्यावर केलेली दुरुस्ती यांची गोळाबेरीज तुमच्या कानापर्यंत येते, आणि तिच्यावरून मूळ टायमिंग ओळखता येत नाही.

याहून मोठा धोका पुढे आहे. भार नसताना इंजिन बरेच अ‍ॅडव्हान्स दिले, म्हणजे ठिणगी लवकर पाडली, तरी गोड वाजते, म्हणून कानाने टायमिंग लावणारा माणूस बहुतेक वेळा ते गरजेपेक्षा पुढेच नेऊन ठेवतो. ईसीयूच्या तक्त्यातले प्रत्येक अंश हे त्याला वाटणाऱ्या टीडीसीपासून (पिस्टन सर्वांत वर असण्याच्या जागेपासून) मोजलेले असतात. समजा भारावर ३००० आरपीएमला तक्ता २४ अंश सांगतो आणि तुम्ही घर १० अंश पुढे फिरवले आहे, तर ठिणगी ३४ अंशांवर पडेल आणि ईसीयूला त्याचा पत्ताही लागणार नाही. ३००० आरपीएमला १० अंश म्हणजे अर्ध्या मिलिसेकंदाहून किंचित जास्त वेळ. एवढा फरक कानाला कळतो असे ज्याचे म्हणणे आहे, त्याने चार माणसे बसवून तिसऱ्या गिअरमध्ये घाट चढावा. तिथे ऐकू येणारा टकटक आवाज पिस्टनच्या माथ्यावर बसणाऱ्या माराचा असतो, आणि तो फार काळ चालू राहिला तर हेड गॅस्केट किंवा पिस्टन यांपैकी एकाचा बळी ठरलेला.

मग करायचे काय, हे वर्कशॉप मॅन्युअलमध्ये सरळ लिहिलेले आहे. या काळातल्या सुझुकीच्या १६ व्हॉल्व्ह इंजिनांची रीत अशी : इंजिन पूर्ण तापवायचे, डायग्नोसिस कपलरमधले (तपासणीसाठी ठेवलेल्या जोडणीतले) टेस्ट स्विचचे टर्मिनल ग्राउंडला जोडायचे, म्हणजे ईसीयू स्वतःची दुरुस्ती थांबवून ठिणगी मूळ जागी स्थिर धरतो, मग पहिल्या सिलिंडरच्या तारेवर टायमिंग लाइट लावून पुलीची खूण वाचायची. टर्मिनल न जोडता लाइट लावला तर खूण नाचते, आणि नाचणारी खूण पाहून लोक सेन्सरला दोष देतात. एक कॉइल दोन सिलिंडरना ठिणगी देत असेल, तर फिरवायचा आकडा असलेले काही टायमिंग लाइट दुप्पट अंश दाखवतात, म्हणून तो आकडा शून्यावर ठेवून पुलीवरचीच खूण वाचावी. आणि कोणाकोणाचे सुटे भाग जोडून उभ्या केलेल्या इंजिनावर त्या खुणेवर तरी विश्वास का ठेवायचा? पहिला प्लग काढून भोकातून लांब स्क्रूड्रायव्हर हलक्या हाताने सोडावा, इंजिन हाताने फिरवून पिस्टन सर्वांत वर येतो तेव्हा खूण शून्यावर येते का ते पाहावे. पाच मिनिटांचे काम आहे.

भाच्याच्या गाडीत मला पहिल्यांदा खटकले ते सेन्सरच्या घराचा बोल्ट. तो खाचेच्या अगदी टोकाला जाऊन बसला होता. जोडणी नीट असेल तर तो मधल्या भागात कुठेतरी यायला हवा. टोकाला जावे लागते याचा अर्थ चूक दुसरीकडे आहे आणि घर फिरवून ती झाकली जात आहे. टायमिंग बेल्टचे (क्रँक आणि कॅम यांना जोडणाऱ्या पट्ट्याचे) कव्हर काढले तेव्हा बेल्ट एका दाताने मागे बसलेला निघाला. क्रँकच्या पुलीला २० ते २४ दात असतात असे धरले तर एक दात म्हणजे क्रँकचे १५ ते १८ अंश. हा सेन्सर कॅमवर चालत असल्यामुळे बेल्ट चुकला की ठिणगी आणि व्हॉल्व्ह दोन्ही उशिरा चालतात. घर फिरवून ठिणगी जागेवर आणता येते, पण व्हॉल्व्ह होते तिथेच राहतात आणि इंजिन खालच्या आरपीएमला मरगळलेलेच राहते. मग पिकअपच्या शोधात घर आणखी फिरवले जाते आणि घाटात ठोकणे सुरू होते. भाच्याच्या बाबतीत हे असेच झाले होते. संदेशात ‘बेल्ट’ हा शब्द एकदाही आलेला नाही.

दहा अंशांच्या सार्वत्रिक आकड्याबद्दल फार बोलण्याची गरज नाही. टोयोटाच्या ४ए-जीई इंजिनाला टीई१ आणि ई१ ही टर्मिनले जोडल्यावर १० अंश असतात, माझ्दाच्या पहिल्या एमएक्स-५ लाही टीईएन आणि ग्राउंड जोडल्यावर १० अंशच असतात, आणि बहुधा तिथूनच हा आकडा वाट चुकून आपल्याकडे आला. होंडाच्या बी मालिकेतल्या इंजिनांना १६ अंश लागतात. जिप्सीचा आकडा मी इथे मुद्दामच देत नाही, कारण उद्या तोही ‘कोणत्याही इंजिनाला’ म्हणून फिरू लागेल.

कोड आला की सेन्सर बदलायचा, हा उपाय विकणाऱ्याला परवडतो. पी०३३५ हा कोड ‘क्रँक सेन्सरच्या सर्किटमध्ये बिघाड’ एवढेच सांगतो, आणि सर्किटमध्ये सेन्सरबरोबर तार, कनेक्टर आणि अर्थिंगही येते. इंजिन बदलताना सर्वांत जास्त विसरली जाते ती इंजिन आणि बॉडी यांच्यामधली अर्थिंगची पट्टी. मल्टिमीटरचे एक टोक इंजिनाच्या ब्लॉकवर आणि दुसरे बॅटरीच्या निगेटिव्हवर ठेवून स्टार्टर मारावा. दोन-तीन दशांश व्होल्टच्या वर आकडा गेला तर आधी ती पट्टी साफ करून घट्ट करावी आणि सेन्सरकडे नंतर पाहावे. दोन तारांचा चुंबकीय सेन्सर असेल तर आणखी एक खोड संभवते. त्याच्या तारा उलट जोडल्या तरी इंजिन चालू होऊ शकते, पण ईसीयू सिग्नलची चुकीची कड पकडतो आणि टायमिंग आरपीएमप्रमाणे सरकत जाते. नवा सेन्सर त्याच उलट तारांवर लावला तर तोही तेच करणार. मॅप सेन्सर (इंजिनात जाणाऱ्या हवेचा दाब मोजणारा) तपासायला पैसाही लागत नाही : किल्ली चालू, इंजिन बंद असताना त्याने बाहेरच्या हवेचा दाब दाखवायला हवा, मुंबईत सुमारे १०१, पुण्यात ९५, महाबळेश्वरला ८६ किलोपास्कल.

रेझिस्टरचा उपाय भाच्याने अजून केला नव्हता, हे नशीब. पाण्याच्या तापमानाच्या सेन्सरचा रोध साधारण २० अंश सेल्सिअसला दोन ते तीन हजार ओहम असतो आणि ८० अंशांना तो तीनशेच्या आसपास उतरतो. त्या जागी कायमचा दोन हजार ओहमचा रेझिस्टर लावला की ईसीयूच्या दृष्टीने इंजिन दिवसभर थंडच राहते. तो जादा पेट्रोल टाकत राहतो, आणि त्यालाच लोक ‘पिकअप वाढला’ म्हणतात. प्लग काळे होतात, पेट्रोल सिलिंडरच्या भिंतींवरून खाली उतरून ऑइल पातळ करते आणि कॅटॅलिटिक कन्व्हर्टर जळतो. रेडिएटरचा पंखा ईसीयू चालवत असेल तर तोही लागणार नाही, कारण थंड इंजिनाला पंखा कशाला? मे महिन्याच्या दुपारी वाहतुकीत अडकलेल्या गाडीचे इंजिन या दोन रुपयांत कायमचे जाऊ शकते. हा उपाय लिहिणाऱ्याने तो स्वतःच्या गाडीत केला असेल, असे मला वाटत नाही.

बॅटरीची तार काढल्याने जुन्या इंजिनावर ईसीयूने साठवलेल्या इंधनाच्या दुरुस्त्या पुसल्या जातात, आणि इंजिन बदलल्यावर ते करणे योग्यच आहे. पण इंजेक्टरचा प्रवाह, ठिणगीचा तक्ता आणि ट्रिगर चाकावरच्या (ज्याचे दात सेन्सर मोजतो त्या चाकावरच्या) दातांची संख्या या गोष्टी ईसीयूत कायमच्या लिहिलेल्या असतात. ६० पैकी दोन दात गाळलेल्या चाकासाठी लिहिलेल्या ईसीयूपुढे ३६ पैकी एक दात गाळलेले चाक आले, तर तार अर्धा तास काढा की अर्धे वर्ष, इंजिन चालू होणार नाही.

जिप्सीचा बेल्ट दातावर आणला, बोल्ट खाचेच्या मधे आला, टेस्ट टर्मिनल जोडून टायमिंग मॅन्युअलप्रमाणे लावले. सेन्सर एकही बदलला नाही. भाच्याने आधीच विकत आणलेला नवा कॅम सेन्सर खोक्यासकट डिकीत पडून आहे, आणि दुकानदार तो परत घ्यायला तयार नाही.