पन्नास फूट उजेड

छताचे पीओपी करणारा कारागीर काम संपवून जाताना भिंतीच्या कडेने एक खाच ठेवून जातो आणि तिचे पुढे काय करायचे ते सांगत नाही. खाच रिकामी राहिली, तर घरी येणारा प्रत्येक पाहुणा पाण्याचा पेला हातात घेण्याआधी वर बघतो आणि "लाइट बसवायची राहिली वाटतं," असे म्हणून मगच खाली बसतो. जुळे सोलापुरातल्या आमच्या दिवाणखान्याला अशी खाच लाभल्यानंतर तीत एलईडीची पट्टी बसवायची, आणि बसवायचीच तर मोबाइलवर चालणारी स्मार्ट पट्टी बसवायची, असा ठराव घरात एकमताने झाला. त्या विषयावर एकमताने झालेला तो पहिला आणि शेवटचा ठराव होता.

माझा मुलगा अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला आहे, त्यामुळे विजेच्या प्रश्नांवर अधिकार त्याचा आणि विजेच्या बिलावर अधिकार माझा, अशी आमच्याकडे विभागणी झालेली आहे. त्याने मला प्रथम खोक्यावरच्या आकड्यांची ओळख करून दिली. ५०५० असे लिहिलेले असेल तर पट्टीवरचा प्रत्येक बारका दिवा ५ मिलिमीटर लांब आणि ५ मिलिमीटर रुंद असतो, २८३५ लिहिलेले असेल तर तो २.८ बाय ३.५ मिलिमीटरचा असतो, आणि उजेड किती पडेल हे त्या आकड्यावरून मुळीच ठरत नाही. हे कळेपर्यंत आमच्या सौभाग्यवतींनी ते आकडे म्हणजे मिळालेले गुण समजून २८३५ ला नापास करून टाकले होते, आणि त्यांनी एकदा लावलेला निकाल आमच्या घरात फेरतपासणीला जात नाही.

नवी पेठेतल्या दुकानदाराला मात्र असल्या तपशिलात रस नव्हता. "मालक, एक कोटी सदुसष्ट लाख रंग येतात ह्यात, अजून काय पाहिजे?" असे म्हणून त्याने रिमोट माझ्या हातात दिला. आयुष्य हिशेबाच्या खात्यात गेलेले असल्यामुळे मी तो आकडा तिथेच पडताळून पाहिला. लाल, हिरवा आणि निळा या तिघांच्या प्रत्येकी २५६ पायऱ्या असतात, आणि २५६ ला २५६ ने दोनदा गुणले की १,६७,७७,२१६ येतात. म्हणजे आकडा बरोबर होता. दुकानातल्या माणसाने सांगितलेला आकडा बरोबर निघण्याचा प्रसंग विरळा, म्हणून मी क्षणभर हळवाही झालो. पण एवढ्या रंगांत एक पांढरा तरी धड आहे का, असे विचारल्यावर त्याने पांढरे बटण दाबले आणि आम्हा सगळ्यांच्या तोंडावर असा निळसर, जांभळट उजेड पडला, की आई पदर सावरून म्हणाली, "अरे, आपण दवाखान्यात कोणाला भेटायला आलोय का?"

याचे कारण असे, की तीन रंगांच्या पट्टीजवळ स्वतःचा पांढरा उजेड नसतोच. ती लाल, हिरवा आणि निळा एकदम पेटवून पांढऱ्याचा आभास उभा करते, आणि त्यात निळ्याचा हात नेहमी थोडा सढळ पडतो. पांढऱ्यासाठी वेगळा दिवा असलेली पट्टीही मिळते, पण ती दुकानदार आपणहून दाखवत नाही. माझे स्पष्ट मत असे आहे, की रंगीत उजेडाची हौस भागवायला जानेवारीत सिद्धेश्वरांची गड्डा यात्रा भरतेच, होम मैदानावरच्या पाळण्यांवर हवे तितके रंग फुकटात बघायला मिळतात, आणि उरलेल्या दिवसांत माणसाला घरी वर्तमानपत्र वाचायचे असते, तांदूळ निवडायचे असतात आणि ताटात वाढलेले काय आहे ते ओळखायचे असते. हे मत मी दुकानातच मांडले. मुलगा दोन पावले बाजूला सरकून उभा राहिला, पण सौभाग्यवतींनी मान डोलावल्यामुळे रंगीत पट्टीचे नाव तिथेच मागे पडले.

पांढरा घ्यायचे ठरले म्हणजे काम संपले, असे ज्याला वाटत असेल त्याने पांढरा घेऊन पाहावा. पांढऱ्यात वॉर्म, नॅचरल आणि कूल अशा तीन जाती असतात आणि त्या केल्व्हिन या तापमानाच्या एककात मोजतात: ३०००, ४००० आणि ६५००. वॉर्म हा शब्द ऐकताच आई उखडली. "मे महिन्यात पारा चव्वेचाळीसला टेकतो, आणि तुम्ही पैसे मोजून वॉर्म आणताय?" मुलाने तिला समजावले, की वॉर्म म्हणजे फक्त पिवळसर, आणि तोच ३००० चा, कूल म्हणजे निळसर पांढरा, तो ६५०० चा. लोखंड तापवत नेले की आधी लाल, मग पिवळे, मग पांढरे दिसते, आणि एखादी वस्तू त्याहूनही तापवता आली तर ती निळसर दिसेल, म्हणून मोठा आकडा निळसर उजेडाचा. आईने हे सगळे शांतपणे ऐकून घेतले. "म्हणजे साडेसहा हजार तो थंड आणि तीन हजार तो गरम," ती म्हणाली, "मग भावही उलटाच लावत असतील, नीट विचारून घ्या."

यानंतरची परीक्षा आमच्या शेजारच्या अण्णांनी घेतली. अण्णांचा सगळा जन्म पूर्व भागातल्या एका रंगखान्यात सुताला रंग देण्यात गेलेला आहे, आणि उजेडावर त्यांचा आमच्यापेक्षा जुना राग आहे. ते दुकानात आले ते पिशवीत घडी केलेली मरून चादर घेऊनच. भौगोलिक मानांकन मिळालेली सोलापुरी चादर जगभर अंगावर घेतली जाते. पण उजेड मोजण्याचे साधन म्हणून तिचा उपयोग मी त्या दिवशी प्रथम पाहिला. अण्णांनी गल्ल्यावरच्या पावत्या बाजूला सारून चादर अर्धी उलगडली, तीन प्रकारच्या पट्ट्या एकामागून एक पेटवायला लावल्या, आणि दर वेळी मरून जमिनीवरच्या पिवळ्या मोराच्या मानेपाशी अंगठा टेकवून, डोळा बारीक करून पाहिले. पहिल्या पट्टीखाली मरून सरळ काताच्या रंगाचा झाला. दुसरीखाली मोर हिरवट पडला. दर पट्टीनंतर अण्णा चादर उचलून दुकानाच्या पायरीवर जात, उन्हात ती नीट पाहून घेत, आणि परत येऊन मान हलवत. साडीच्या दुकानातून साडी दारापर्यंत नेणाऱ्या बायका आम्ही जन्मभर पाहिल्या आहेत. दिव्यांच्या दुकानातून चादर उन्हात नेणारे पुरुष सोलापूरकरांनाही नवीन असावेत, कारण रस्त्यावरची दोन-चार माणसे चादरीचा भाव विचारून गेली.

"ट्यूबखाली जुळलेली दोन सुतं उन्हात नेली की भांडतात," अण्णा म्हणाले. "उजेडच खोटं बोलला तर रंगाऱ्यानं करायचं काय?"

मुलाने त्यांच्या रागाला शास्त्राचा आधार दिला. पांढरा एलईडी हा मुळात निळा असतो. त्यावर पिवळ्या फॉस्फरचा, म्हणजे निळा उजेड पिऊन पिवळा परत देणाऱ्या भुकटीचा, थर दिला, की दोन्ही मिळून डोळ्याला पांढरा उजेड दिसतो. तो निळा दिवा नीट पेटवता आला म्हणून इसामू आकासाकी, हिरोशी अमानो आणि शुजी नाकामुरा या तिघांना २०१४ चे भौतिकशास्त्राचे नोबेल मिळाले. पण निळ्या-पिवळ्याच्या या संसारात लाल कमी पडतो, आणि सगळा अन्याय मरूनवर होतो. उजेड रंग किती इमानाने दाखवतो याला सीआरआय नावाचा अंक असतो. ८० चालवून घेतला जातो, ९० च्या वर चांगला म्हणतात. त्यातली मेख अशी, की हा अंक आठ फिकट रंगांवरून काढलेली सरासरी असते आणि गडद लालाला त्या परीक्षेला बसवलेलेच नसते. त्याचा आर-नाइन हा अंक वेगळा विचारावा लागतो. आम्ही तो विचारला. दुकानदाराने आमच्याकडे, मग चादरीकडे पाहिले आणि अत्यंत थकलेल्या आवाजात विचारले, "अण्णा, नक्की लाइट घ्यायचीय का चादर विकायचीय?" तरीही त्याने मागच्या फळीवरून ९० सीआरआयचा एक रोल काढला. त्याच्याखाली मरून मरूनच राहिला. अण्णांनी चादरीची घडी घातली आणि निकाल दिला, "हां, हिला रंग कळतो."

आता राहिला मोबाइलचा भाग, आणि तो पाहायला आम्ही वरच्या मजल्यावरच्या बिऱ्हाडात गेलो, कारण त्यांच्याकडे तयार स्मार्ट संच आधीच बसलेला होता. यजमानांनी सांगितलेली माहिती मी थोडक्यात देतो. हा संच २.४ गिगाहर्ट्झचे वाय-फाय सोडून दुसरे ओळखत नाही, त्यामुळे नव्या राउटरचे ५ गिगाहर्ट्झचे वेगवान वाय-फाय त्याच्या दृष्टीने नसल्यासारखेच. ॲप उघडले की दिवा लावण्याआधी ते नाव, ईमेल आणि आपण कुठे उभे आहोत ते विचारते. दिव्याच्या बटणाने आजवर हे विचारल्याचे मला आठवत नाही. संगीतावर नाचण्याची सोय त्यात आहे, पण संगीत आणि कुकरची शिट्टी यांतला फरक पट्टीला कळत नसल्यामुळे वरणभाताच्या वेळी त्यांचा दिवाणखाना तीनदा लाल होतो. सर्वांत मोठे संकट वीज गेल्यानंतरचे. परत आल्यावर दिवे पूर्वीच्या स्थितीत राहावेत की पूर्ण पेटावेत हे ॲपमध्ये आधी ठरवून ठेवायचे असते. ते राहून गेले असेल, तर रात्री अडीचला वीज आल्याबरोबर सगळे घर लग्नमंडपासारखे उजळते आणि झोपेतून उठलेला माणूस मोबाइल शोधत फिरतो, कारण भिंतीवर त्याचे बटणच नसते.

आवाजावर चालणारी एक डबीही तिथे होती. तिला इंग्रजी आणि हिंदी येते असे कळल्यावर आईने तिच्याशी आपल्या अस्सल सोलापुरी हिंदीत बोलून पाहिले: "ए बाई, हॉल का उजेड जरा बारीक कर की." डबीने थोडा विचार करून उद्याचे हवामान सांगितले. "ऐकायला येत नसेल तिला," आई समजूतदारपणे म्हणाली, आणि उठून पडदा ओढून आली.

या सगळ्यावर खरा तोडगा आमच्या वायरमनने काढला, आणि तो कोणत्याही खोक्यावर लिहिलेला नव्हता. त्याचे म्हणणे असे, की पट्टी साधी पण चांगल्या प्रतीची घ्यावी, एसएमपीएस, म्हणजे घरची वीज पट्टीला सोसेल इतक्या कमी व्होल्टची करून देणारा डबा, दणकट घ्यावा, आणि मोबाइलवर चालवणारा कंट्रोलर त्या दोघांच्या मध्ये वेगळा जोडावा. म्हणजे कंट्रोलर गेला तर कंट्रोलरच बदलायचा, छतावर चढून पट्टी उपटायची वेळ येत नाही, आणि भिंतीवरचे बटण तर राहतेच. पट्टी १२ व्होल्टची न घेता २४ ची घ्या, हेही त्याचेच. पट्टीच्या दर मीटर लांबीला १० वॅट धरले तर १५ मीटरला १५० वॅट होतात. १२ व्होल्टवर त्यासाठी साडेबारा अँपिअर लागतात आणि २४ वर सव्वासहा. अँपिअर जितके जास्त, तितका व्होल्टेजचा घास पातळ तांब्याची पट्टी वाटेतच खाते, आणि शेवटच्या दिव्यांपर्यंत पोचतो तो मलूल उजेड. एसएमपीएस तेवढ्याच १५० वॅटचा न घेता २०० चा घ्यावा, म्हणजे उन्हाळ्यात तो तापून बसत नाही. एवढे सगळे त्याने माझ्या वर्तमानपत्राच्या समासात पेन्सिलीने मांडून दाखवले. हिशेब इतका स्वच्छ होता, की ऑडिटच्या काळात असा माणूस आमच्या कचेरीत असता तर, असे मला वाटून गेले.

दुकानदाराने शेवटचा प्रयत्न म्हणून वॉटरप्रूफ पट्टी पुढे केली. ज्या शहरात नळाला पाणी रोज येत नाही, तिथे छताला वॉटरप्रूफ कशाला, असा आईचा सवाल होता आणि तो बिनतोड होता. त्या पट्टीवरच्या आयपी ६५ या संरक्षणाच्या खुणेतला पहिला आकडा धुळीचा आणि दुसरा पाण्याचा, आणि धूळ आपल्याकडे भरपूर आहे, असे मुलगा म्हणत होता. पण त्या पट्टीवरच्या सिलिकॉनच्या थराने उजेडाची छटा बदलते असे कळताच अण्णांनी पुन्हा पिशवीत हात घातला, आणि दुकानदाराने ती पट्टी स्वतःहून उचलून ठेवली.

मापाची गोष्ट मात्र कोणाच्याच ध्यानात आली नव्हती. खाचेचा घेर टेपने मोजला तेव्हा बरोबर पन्नास फूट भरला, म्हणजे १५ मीटर आणि २४ सेंटिमीटर. पट्टी मिळते ५ मीटरच्या रोलमध्ये. तीन रोल घेतले की वीतभर खाच अंधारात राहते, आणि त्या वीतभरासाठी अख्खा चौथा रोल घ्यायला माझी लेखणी धजावेना. दुकानदार सुटा तुकडा द्यायला तयार नव्हता. "जरा ताणून बसवा की मालक," हा त्याचा सल्ला होता, आणि तो त्याने इतक्या गंभीरपणे दिला, की मी दोन मिनिटे खरोखरच विचारात पडलो.

मग ती अंधारी वीत कुठे ठेवायची यावर घरात चर्चा सुरू झाली. टीव्हीवर नको, कारण मालिकेच्या वेळी आईचे लक्ष तिकडे जाईल. शोकेसवर नको, कारण तिथे मुलाची पदके आहेत. सोफ्यावर नको, कारण तिथे सौभाग्यवतींचे माहेरचे लोक बसतात आणि त्यांच्या डोक्यावर काळा डाग पडलेला बरा दिसत नाही. वायरमन शिडीवर उभा राहून निकालाची वाट पाहत होता, आणि मी खाली त्याला पाणी आणायला आत गेलो. परत आलो तोवर पट्टी बसली होती, बटण दाबून झाले होते, चादर दिवाणावर अंथरून अण्णा समाधानाने बसले होते, आणि पन्नास फुटांतला तो अंधाराचा तुकडा मी जिथे वर्तमानपत्र वाचतो त्या खुर्चीच्या नेमका वर आला होता. "टेबललॅम्प आहे की तुमचा," सौभाग्यवती म्हणाल्या, आणि ठराव पुन्हा एकदा बहुमताने मंजूर झाला.