वैरणीच्या मक्याचं काय?

लेखात मक्यावरच्या लष्करी अळीसाठी फवारणी कधी करायची ते नीट सांगितलंय, पण तोच मका म्हशीला कधी घालायचा याबद्दल एक ओळ नाही. आमच्या कर्नाटकातल्या खानापूर भागात कणसाचा मका थोडा, वैरणीचाच जास्त. २०१८ मध्ये शिवमोग्ग्याकडे ही अळी देशात पहिल्यांदा सापडली, तेव्हापासून दरसाल पोंग्यात, म्हणजे मक्याच्या मधल्या गुंडाळलेल्या कोवळ्या पानांत, हात घातला की लाकडाच्या भुशासारखी ओली विष्ठा हाताला लागते. डोक्यावर उलटा वाय आणि शेपटीकडे चौकोनात चार ठिपके असले की समजायचं, आली.

गेल्या वर्षी औषध मारलं आणि चौथ्या दिवशी आईनं भारा कापून आणला. तिला कोणी सांगितलंच नव्हतं. म्हैस बरी राहिली, पण रात्रभर गोठ्यात आमची ये-जा चालू. फवारणी आणि कापणीत किती दिवस सोडायचे ते बाटलीच्या माहितीपत्रकात असतं म्हणे. आमचं होतं कन्नडमध्ये. बाबा कन्नड फाडफाड बोलतात, वाचता येत नाही. दुकानदार म्हणाला, ‘काय होत नाही ओ.’

यंदा वैरणीचा तुकडा वेगळा ठेवलाय. तिथं पेरणीनंतर पहिल्या महिन्यात पोंग्यात नऊ भाग वाळू, एक भाग चुना टाकतो, अंडीपुंज दिसले की पानासकट चुरडतो. कंबर मोडते, खरंय. मोठ्या रानाला हे जमणार नाही, पण चार गुंठ्यांना जमतं. लेखकांनी पुढच्या भागात वैरणीसाठी किती दिवस थांबायचं ते औषधवार द्यावं, मराठीत.