२००८ साली चीनने नेमकं काय कमावलं?

'२००८ ला अमेरिका बुडाली आणि चीन वर आला' हे वाक्य हल्ली कुणीही बिनधास्त ठोकून देतं. मला ते अर्धंच पटतं.

१५ सप्टेंबर २००८ ला लेहमन ब्रदर्स या अमेरिकेतल्या बड्या बँकेने दिवाळं काढलं तेव्हा बीजिंग ऑलिंपिकचा मांडव नुकताच उतरला होता. पण चीनमध्ये टाळ्या वाजवायची परिस्थिती नव्हती. अमेरिका-युरोपातल्या ऑर्डरी आटल्या, ग्वांगडोंग प्रांतातल्या कारखान्यांना कुलपं लागली. २००९ च्या फेब्रुवारीत चीनच्या केंद्र सरकारच्या अधिकाऱ्यानेच अंदाज सांगितला: देशभरात गावाकडून शहरात आलेले सुमारे २ कोटी मजूर बेकार. सत्ताधारी कम्युनिस्ट पक्षाला घाम फुटायला एवढं पुरेसं होतं.

त्या घाबरण्यातून ९ नोव्हेंबर २००८ ची घोषणा आली. ४ लाख कोटी युआन, म्हणजे तेव्हाचे साधारण ५८,६०० कोटी डॉलर. रेल्वे, रस्ते, घरं, वीज. यातली मेख फार कमी लोक सांगतात. बीजिंगच्या तिजोरीतून यायचे होते १.१८ लाख कोटी, बाकीचं प्रांतांनी, नगरपालिकांनी आणि बँकांनी बघायचं. स्थानिक सरकारांना थेट कर्ज काढायला कायद्याने मनाई होती. मग त्यांनी कंपन्या काढल्या, जमिनी तारण ठेवल्या आणि कंपन्यांच्या नावावर कर्जं उचलली. २००९ या एका वर्षात चिनी बँकांनी सुमारे ९.६ लाख कोटी युआनची नवी कर्जं वाटली, आदल्या वर्षाच्या जवळजवळ दुप्पट. बाकी जग गोठलेलं असताना चीन नऊ टक्क्यांच्या आसपास वाढला तो असा. जमिनीचे भाव चढते राहतील या भरवशावर हा सगळा डोलारा उभा होता. २०२१ मध्ये एव्हरग्रांड ही बडी बांधकाम कंपनी बुडाली, तेव्हा हप्ते भरून घराची वाट बघणाऱ्यांना त्या भरवशाची किंमत कळली.

क्रमवारी मात्र बदललीच. २००९ मध्ये निर्यातीत जर्मनी मागे पडला, २०१० मध्ये अर्थव्यवस्थेच्या आकारात जपान. फोर्डने २००८ मध्ये जग्वार-लँड रोव्हर टाटांना विकली आणि २०१० मध्ये व्होल्वो चीनच्या जीलीला. आपल्याकडे यातली पहिलीच बातमी गाजली, साहजिक आहे म्हणा.

आणि गोवा. आमच्या खाणपट्ट्यात ही सत्तांतराची गोष्ट पेपरात यायच्या आधी रस्त्यावर दिसत होती. गोव्याचं लोहखनिज पूर्वी मुख्यतः जपान घ्यायचा. कमी प्रतीचा भुकटीसारखा माल खाणीशेजारी डोंगर करून टाकून द्यायचे, त्याला गिऱ्हाईकच नव्हतं. चीनच्या पोलाद कारखान्यांनी तो उंची मालात मिसळून वापरायला सुरुवात केली आणि टाकलेल्या डोंगरांनाही भाव आला. २००८ च्या शेवटी दर कोसळले तेव्हा वाटलं, संपलं. पण चीनचा तो ४ लाख कोटींचा खर्च सुरू झाला आणि २०१०-११ मध्ये गोव्याच्या बंदरांतून वर्षाला ५ कोटी टनांच्या आसपास माल गेला, त्यात थोडा कर्नाटकचाही. कुडचडे, सांगे, डिचोली, साखळी: ट्रकांच्या रांगा, मांडवी-झुआरीत बार्ज, भातशेतीवर लाल धूळ. बँकेचं कर्ज काढून घरटी ट्रक घेतले गेले. २०१२ मध्ये बेकायदा खाणकामाची चौकशी करणाऱ्या शहा आयोगाचा अहवाल आला, सर्वोच्च न्यायालयाने खाणी थांबवल्या आणि ट्रक दारात उभे राहिले. बेकायदा खाणकाम थांबायलाच हवं होतं, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण त्या काळात आपण चीनला माती विकत होतो आणि यंत्रं विकत घेत होतो, हे कुणी मोठ्याने बोलत नव्हतं. २०२४-२५ मध्ये चीनशी आपली व्यापारी तूट ९,९०० कोटी डॉलरच्या वर गेली. ती रातोरात उगवलेली नाही.

आता न पटणारं अर्धं. कारखाना चीनकडे गेला, पैशाची सत्ता गेली नाही. मार्च २००९ मध्ये चीनच्या मध्यवर्ती बँकेचे प्रमुख चौ श्याओचुआन यांनी लिहिलं होतं की जगाचं राखीव चलन, म्हणजे मध्यवर्ती बँका साठवून ठेवतात ते, कुठल्याही एका देशाचं नसावं. २०१६ मध्ये आंतरराष्ट्रीय नाणेनिधीच्या मोजक्या प्रमुख चलनांच्या टोपलीत युआन आलाही. तरी आज जगातल्या मध्यवर्ती बँकांच्या साठ्यात युआनचा वाटा दोन-एक टक्केच आहे, डॉलरचा निम्म्याहून जास्त. आपले लोक याला अमेरिकेची दादागिरी म्हणतात. मला वाटतं, युआन जगाचं राखीव चलन होणं चीनच्या पक्षालाच नको आहे. जगाने तुमचं चलन साठवायचं तर पैसा आत-बाहेर मोकळा फिरू द्यावा लागतो. २०१५ च्या ऑगस्टमध्ये युआनचं अवमूल्यन झालं, लोकांनी पैसा बाहेर काढायला सुरुवात केली आणि २०१४ मध्ये ४ लाख कोटी डॉलरला टेकलेली परकीय चलनाची गंगाजळी २०१७ च्या सुरुवातीला ३ लाख कोटींच्या खाली आली. त्यानंतर सरकारने दारं आणखी घट्ट लावून घेतली.