क्लाराचा सूर्य म्हणजे चार्जर?

काझुओ इशिगुरो यांच्या ‘क्लारा अँड द सन’ (२०२१) या कादंबरीबद्दल एक शेरा सारखा फिरत असतो: ‘क्लारा ही सौरऊर्जेवर चालणारी यंत्रबाहुली, म्हणून ती सूर्याला देव मानते. मोबाइलने चार्जरला हात जोडावेत तसं. यात श्रद्धा कुठली आणि नीती कुठली?’ वाक्य चटकदार आहे, पण पुस्तक वाचून लिहिलेलं वाटत नाही.

चार्जरचंच आधी घेऊ. पोसणाऱ्याला देव मानणं ही यंत्राची खोड असेल, तर ‘अन्न हे पूर्णब्रह्म’ म्हणत जेवायला बसणारे आपण कोण? हा मुद्दा इथेच सोडतो.

‘ती अडाणी आहे.’ अर्धं खरं. विक्रीला ठेवलेली असताना दुकानाच्या काचेतून तिला एक भिकारी आणि त्याचा कुत्रा निपचित पडलेले दिसतात. मेलेच, असं ती धरून चालते. दुसऱ्या दिवशी स्वच्छ ऊन पडतं आणि दोघं जिवंत दिसतात. सूर्याने उठवलं, हा तिचा निष्कर्ष साफ चुकीचा. पण तो तिने स्वतः बघून काढलाय, कुणी आत भरून दिलेला नाही. मोबाइल असा चुकत नाही.

खरा घोळ नीतीपाशी आहे. जिच्यासाठी क्लाराला विकत घेतलं ती जोसी आजारी पडते. क्लारा माळापलीकडच्या कोठारात जाऊन मावळत्या सूर्याला गाऱ्हाणं घालते: शहरातलं एक यंत्र धूर ओकून तुला झाकतं, ते मी बंद पाडते, तू जोसीला बरी कर. नवसच हा. फक्त आपला नवस ‘आधी पाव, मग फेडतो’ असा असतो; क्लारा आधी फेडते. आपली क्षमता घटू शकते हे ठाऊक असून ती जोसीच्या वडिलांकडून स्वतःच्या डोक्यातलं द्रव काढून घेते, यंत्र बिघडवायला. मागण्यात स्वतःसाठी काही नाही. (पुढे तसलंच दुसरं यंत्र उभं राहतं, म्हणजे तिने फेडलेलं फुकटच. शेरेवाल्यांच्या हाताशी असलेला हा सगळ्यात भक्कम पुरावा, पण त्यांना तो सापडलाच नाही!)

‘जोसी बरी होते, म्हणजे लेखक चमत्कार विकतो.’ पण सगळी गोष्ट क्लाराच्याच तोंडून येते. उन्हाने बरी झाली, ही तिची साक्ष. लेखक त्यावर शिक्का मारत नाही.

बऱ्या झालेल्या जोसीच्या घरात क्लारा पुढे अडगळीच्या खोलीत राहते. खिडकी उंचावर, म्हणून जोसी सामान एकावर एक रचून देते, तेवढंच बाहेर बघायला. नंतर जोसी कॉलेजला जाते आणि क्लारा भंगाराच्या आवारात.