'खुश आहे' कोण म्हणतंय? (ताईंच्या प्रतिक्रियेला उत्तर)

ताई, तुमची कमेंट परवा रात्री वाचली आणि खरं सांगते, आधी रागच आला. मागच्या लेखात मी माझ्या ऑटिझम (स्वमग्नता) असलेल्या लेकाचा दिवस लिहिला होता, सकाळची डोंबिवलीहून लोकल, दिव्यांगांचा डबा, दिव्यांगांसाठीच्या वर्कशॉपमध्ये कागदी पिशव्या बनवणं, संध्याकाळी प्लॅटफॉर्मवर बसून अर्धा तास गाड्या बघणं. त्यावर तुम्ही लिहिलंत की २४ वर्षांचा मुलगा महिनाभर राबून ९०० रुपये आणतो, मित्र एक नाही, आणि आई लिहिते 'तो खुश आहे', ही क्वालिटी ऑफ लाइफ (जगण्याचा दर्जा) नव्हे, आईने स्वतःची घातलेली समजूत आहे. शेवटच्या ओळीत कळलं की तुमच्या भावालाही ऑटिझम आहे, म्हणून राग गिळला. नाहीतर आम्हाला सल्ले देणारे पैशाला पासरी मिळतात.

पैशाचं आधी उरकते. ९०० रुपये ही थट्टाच आहे, मान्य. दिवाळीआधी पणत्या रंगवणं, उटण्याची पाकिटं भरणं असतं तेव्हा आकडा जरा वर जातो, जूनमध्ये सगळा शुकशुकाट. २०१६ चा दिव्यांग कायदा कागदावर छान आहे, सरकारी नोकऱ्यांत ४ टक्के राखीव जागा, पण त्यातला आमच्या वाट्याचा १ टक्का ऑटिझम, बौद्धिक अक्षमता, लर्निंग डिसॅबिलिटी, मानसिक आजार आणि बहुविकलांगता अशा सगळ्यांत मिळून आहे. आणि फुकट शिक्षणाचा हक्क ६ ते १८. अठरा पूर्ण झाली की ऑटिझम काय दप्तराबरोबर माळ्यावर जातो?

नोकरीवरून आठवलं. १९४३ मध्ये अमेरिकेत लिओ कॅनर या बालमानसोपचारतज्ज्ञांनी ऑटिझमवरचा जो पेपर लिहिला त्यातली पहिली केस म्हणजे डोनाल्ड ट्रिपलेट. हा माणूस मिसिसिपीतल्या फॉरेस्ट नावाच्या छोट्या गावात राहिला, बँकेत नोकरी केली, गोल्फ खेळला, एकट्याने देशोदेशी फिरला आणि २०२३ मध्ये ८९ व्या वर्षी गेला. आमच्या पालकांच्या ग्रुपवर ही गोष्ट दर दोन महिन्यांनी फिरते. पण बँक त्याच्या आजोळच्या लोकांची होती हे फॉरवर्डमधून बरोब्बर गळतं. आमच्या आजोळी बँक नाही, दोन आंब्याची झाडं आहेत.

आता खरा मुद्दा, आणि इथे तुम्ही अर्ध्या बरोबर आहात. जागतिक आरोग्य संघटनेची क्वालिटी ऑफ लाइफची व्याख्या बघितलीत तर त्यात माणसाला स्वतःला आपलं आयुष्य कसं वाटतं हे धरलंय, त्याच्या अपेक्षा, त्याची संस्कृती, त्याच्या काळज्या यांच्या संदर्भात. आईला कसं वाटतं किंवा ताईला कसं वाटतं असं नाही. मग त्याला विचारायचं कसं? आमचा लेक कमी बोलतो आणि बरंचसं समोरच्याचंच वाक्य परत म्हणतो. मी कित्येक वर्षं विचारायचे, "मजा आली ना?" तो म्हणायचा, "मजा आली ना." झालं, आई खुश!

मग एका स्पीच थेरपिस्टनी सांगितलं की 'ना' लावून विचारूच नका, लिहून द्या, आणि 'नको' हा पर्याय दरवेळी ठेवा. तसं पहिल्यांदा विचारलं ते त्याच्या एकविसाव्या वाढदिवसाला, हॉल की घरी की नको. त्याने 'नको'वर तीनदा टिक केली, पेन कागदाच्या आरपार गेलं. वीस वर्षं आम्ही फुगे फुगवत होतो ताई! आता फ्रिजवरच्या बोर्डावर रोज टिक होते. वर्कशॉपला बहुतेक दिवस 'हवं', फक्त गुरुवारी 'नको', कारण गुरुवारी तिथे स्पीकर लावून डान्स असतो. तिथल्या टीचरशी बोलले, आता गुरुवारी तो मागच्या खोलीत बसून पिशव्या मोजतो. तेव्हा 'तो खुश आहे' हे वाक्य मागे घेते. गुरुवार सोडून तो जायला तयार असतो, एवढंच मला माहिती आहे.

मित्रांचं मात्र चुकलंत, आणि माझंही चुकलंच होतं. प्लॅटफॉर्मवर त्याच्या बाजूला वर्कशॉपमधलाच एक मुलगा बसायचा, दोघं एक शब्द बोलायचे नाहीत, एकमेकांकडे बघायचेही नाहीत, नुसते गाड्या बघायचे. ह्याला मी मैत्री मानतच नव्हते. मागच्या वर्षी ते कुटुंब नाशिकला गेलं. डब्यात पाच पोळ्या लागायच्या आणि सगळ्या संपून यायच्या, मला वाटायचं पोराची भूक वाढलीय, पण तो मुलगा गेल्यावर रोज दोन पोळ्या परत यायला लागल्या, डब्याच्या झाकणात नीट घडी घालून. मी तीन द्यायला लागले तर ओट्याजवळ उभा राहून "पाच, पाच." अडीच महिने चाललं हे. आता महिन्यातून एकदा आम्ही नाशिकला जातो, दोघं तिथल्या स्टेशनवर बसतात, मी आणि त्याची आई मागे चहा पितो.

आम्ही गेल्यावर काय, हे तुम्ही विचारलंत ते टोचलं, कारण बहुतेक घरात ते उत्तर बहिणीच्या नावावर न विचारताच टाकलेलं असतं. अठरानंतरही अशा मुलांना कायदेशीर पालक नेमता येतो त्या नॅशनल ट्रस्ट कायद्याखाली पालकत्वाचा अर्ज केलाय, तो काही सगळ्याला पुरणार नाही. आमच्या मुलीला आम्ही विचारलं, ती म्हणाली हिशेब बघेन, पण तो माझ्या घरी राहणार नाही. मला वाईट वाटलं, पण तिला 'नको' म्हणता आलं हेही बरं. राहण्याची सोय शोधतोय, तीन ठिकाणं बघून झाली, त्यावर वेगळं लिहीन.

तुमची कमेंट त्याला सोप्या भाषेत वाचून दाखवली. तुमच्या भावाचं आलं तिथे थांबला आणि विचारलं, "सेंट्रल का वेस्टर्न?" दोनदा विचारून झालंय, तेवढं कळवा.